पुढे कोण? मोंटाना ते फार्गो, सायकलवर

अमेरिकेत सायकल चालवायला जाणार म्हटल्यावर सोसायटीत सगळ्यांनी एकच विचारलं, घाट किती आहेत? मी आपली तोऱ्यात सांगायचे, घाटबिट काही नाही हो, सगळं मैदान आहे, टेबलासारखं. आता कोणी विचारलं तर सांगते, घाट परवडला. घाट कितीही मोठा असला तरी माथा दिसतो आणि पलीकडे उतार मिळतो. समोरून येणाऱ्या वाऱ्याला माथाच नसतो.

तर झालं असं की लेक मिनियापोलिसला असते, दर दोन-तीन वर्षांनी आम्ही जातो, आणि दर वेळी तिथे दोन महिने नुसतं सोफ्यावर बसून काढतो. ह्यांचं वय ६६, वीज मंडळातून रिटायर, माझं ६१, बँकेतून रिटायर. सायकल दोघंही गेली दहा-बारा वर्षं चालवतोय, पण एकदिवसीय, फार तर तीन दिवसांची. ह्या वेळी ह्यांनी नेटवर नॉर्दर्न टिअर नावाचा रूट शोधून काढला. अॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन म्हणून एक संस्था आहे, १९७६ मध्ये बाइकसेंटेनियल नावाने ज्यांनी अख्खी अमेरिका सायकलवर ओलांडायची राइड काढली होती तीच, त्यांचे नकाशे मिळतात. अख्खा रूट वॉशिंग्टन राज्यातल्या अॅनाकॉर्टेसपासून मेनमधल्या बार हार्बरपर्यंत, जवळपास ७००० किमी. तेवढा काही आपल्याच्याने होणार नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. मग मधला सपाट (!) तुकडा घ्यायचा ठरला, मोंटाना राज्यातल्या कट बँकपासून नॉर्थ डकोटातल्या फार्गोपर्यंत, साधारण १४०० किमी, २४ दिवस, त्यात पाच दिवस आराम. ह्यांनी एक्सेल शीट केली. त्यात एक कॉलम होता, 'वारा: पाठीमागून'. हा कॉलम लक्षात ठेवा.

सेकंडहँड टूरिंग सायकली घेतल्या, तंबू लेकीचा, आणि एम्पायर बिल्डर नावाच्या ट्रेनने सायकलींसकट मोंटाना. कट बँकला उतरल्यावर पहिलं दर्शन झालं ते २७ फूट उंच काँक्रीटच्या पेंग्विनचं. देशातली सगळ्यात थंड जागा आमचीच अशी त्या गावाची जाहिरात आहे, म्हणून पेंग्विन. जूनमध्ये आम्ही घामाने निथळत त्याच्याबरोबर फोटो काढला.

तिथून पुढे यूएस २ हायवे, त्याला हाय-लाइन म्हणतात. रस्ता, शेजारी रेल्वे, दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत शेती, संपलं. ही रेल्वे जेम्स हिल नावाच्या माणसाने टाकली, १८९३ मध्ये ती सिअॅटलपर्यंत पोचली, आणि तिच्यामुळेच ही गावं वसली. गावांची नावं बघा, इनव्हर्नेस, झुरिक, हार्लेम, माल्टा, ग्लासगो. म्हणे रेल्वेवाले पृथ्वीचा गोल फिरवून बोट ठेवायचे आणि येईल ते नाव द्यायचे. खरं-खोटं देव जाणे, पण सकाळी झुरिकमधून निघून दुपारी हार्लेमला पोचलो असं लेकीला कळवायला मजा यायची. प्रत्येक गावाला धान्य साठवायचा एक उंच एलिव्हेटर असतो, तो दहा-बारा किलोमीटरवरून दिसतो. आधी आनंद होतो की आलं गाव. मग अर्धा तास पायडल मारलं तरी तो तेवढाच. मी नंतर त्याच्याकडे बघणंच बंद केलं.

आता वारा. पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं कारण काय, तर वारे पश्चिमेचे असतात, पाठीमागून ढकलतात. पुस्तकात बरोबरच आहे, पण उन्हाळ्यात ह्या मैदानावर दक्षिणेचा आणि आग्नेयेचा वाराही भरपूर असतो आणि तो आमच्याच वाट्याला यायचा होता. चेस्टर सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी ताशी ३५ किमीचा वारा समोरून. सपाट रस्त्यावर सगळ्यात हलक्या गिअरवर आमचा स्पीड ९. नऊ! आमच्या इथे मॉर्निंग वॉकवाले ओव्हरटेक करतील. आणि आवाज इतका की दहा फुटांवरचा माणूस काय बोलतोय कळत नाही, त्यामुळे आमची सगळी भांडणं थांबून थांबून करावी लागली.

भांडण एकच होतं, पुढे कोण. पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून राहिलं की मागच्याला वारा बराच कमी लागतो, वीस-तीस टक्के कष्ट वाचतात. मग आलटून पालटून पुढे जायचं, हे कुठलाही सायकलवाला सांगेल. पण आमचे हे पुढचं सोडायलाच तयार नाहीत. अगं तू मागे राहा, तुला वारा लागेल. अहो पण तुमची फेफे उडालीय. काही नाही, मी ठीक आहे. ही आमची पद्धत, लग्नाला ३७ वर्षं झाली, स्कूटरपासून रिक्षाच्या लायनीपर्यंत हे पुढे आणि मी मागे, मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण माल्टाच्या अलीकडे एका दुपारी ह्यांची सायकल नागमोडी जायला लागली. मी ओरडतेय, ऐकू जात नाही. शेवटी पुढे जाऊन सायकल आडवी घातली. बघते तर ओठ पांढरे, दोन तास काही खाल्लेलं नाही, आणि स्वारी म्हणतेय की पुढच्या एलिव्हेटरला थांबू. तिथेच गवतात बसवलं, शेंगदाण्याची चटणी लावलेली चपाती (टॉर्टिया हो, पण आम्ही चपातीच म्हणायचो) आणि गुळाचा खडा दिला आणि सांगितलं की आजपासून पाच-पाच किलोमीटर, मीटर मी बघणार.

पहिल्या पाच किलोमीटरमध्ये मला कळलं की हे का सोडत नव्हते. पुढे असलं की वारा नुसता लागत नाही, आपण त्याच्याशी काहीतरी करतोय असं वाटतं. मागे असलं की फक्त समोरच्याचं मागचं चाक. मीही पुढचं सोडेना. सहा झाले, सात झाले, मागून घंटी. अहो थांबा की, चाललंय माझं. मग हेच मागून मोजायला लागले.

अजून एक गोष्ट, वारा तिरका उजवीकडून आला तर मागच्याने थोडं डावीकडे सरकायला हवं, तिथे आडोसा मिळतो. पण डावीकडे ट्रक. त्यामुळे शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या पट्ट्यावर, पांढऱ्या रेषेच्या आत राहून जेवढा मिळेल तेवढाच आडोसा घ्यायचा. समोरून मोठा ट्रक आला की आधी हवेची भिंत अंगावर येते, दोन्ही हात हँडलबारवर घट्ट ठेवायचे आणि श्वास रोखायचा. टोपी एक गेली. ह्यांची. चांगली होती.

ह्याच पट्ट्यात मिल्क रिव्हर आहे. लुइस आणि क्लार्क हे पश्चिमेकडे शोधमोहिमेवर निघालेले दोघं १८०५ मध्ये इथून गेले तेव्हा लुइसने लिहून ठेवलंय की पाण्याचा रंग कपभर चहात चमचाभर दूध घातल्यासारखा आहे, म्हणून हे नाव. आम्ही पुलावर थांबून बघितलं. चमचाभर दुधाचा चहा आम्ही आजारपणातसुद्धा पीत नाही, पण रंग बरोबर आहे. जास्त वेळ थांबता आलं नाही, डास. असे डास मी कोकणातही पाहिले नाहीत, कपड्यावरून चावतात. सायकल १२ च्या वर चालली तर ते मागे पडतात, आणि समोरून वारा असला की मुळात येतच नाहीत. वाऱ्याचा एवढा एकच उपकार.

हाय-लाइनवरच्या एका कॅफेत सकाळी म्हाताऱ्या शेतकऱ्यांचा कट्टा बसला होता, सगळ्यांच्या डोक्यावर बियाण्याच्या कंपन्यांच्या टोप्या. कुठून आलात, इंडिया म्हटल्यावर एकजण उठून बाहेर गेला आणि ट्रकमधून मूठभर काहीतरी घेऊन आला, टेबलावर ओतलं. मसूर! सालासकट. मला वाटत होतं इथे नुसता गहू, पण मोंटाना आणि नॉर्थ डकोटा हा मसूर-वाटाण्याचा मोठा पट्टा आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये अमेरिकन मसुरावर जादा ड्यूटी लावली होती आणि २०२३ मध्ये काढली, ते ह्या गृहस्थाला तारीखवार पाठ. मी बँकेत कृषी कर्जं बघितलेली, आमची चांगली तासभर जुंपली, एकरी उतारा, विमा, हप्ते. शेवटी विचारलं, तुम्ही घरी मसूर कसा करता? म्हणाला, करत नाही. मी कागदावर कांदा-लसणाच्या फोडणीची आमटी लिहून दिली. करणार नाही तो, पण कागद घडी घालून खिशात ठेवला. बिल द्यायला गेलो तर ते आधीच दिलेलं होतं.

राहायचं म्हणाल तर छोट्या गावांमध्ये पार्कात तंबू टाकू देतात सायकलवाल्यांना, कुठे फुकट, कुठे पाच डॉलर एका डब्यात टाकायचे. संडास, पाणी, बाक, झाड. आम्ही मेतकूट-भात करायचो. जूनमध्ये तिकडे साडेनऊपर्यंत सूर्य असतो, त्यामुळे झोप लागत नाही. एका गावात (नाव नको) जेमतेम डोळा लागला आणि रात्री दोनला तंबूखालून फुस्स झालं. मला वाटलं साप. लॉनचे स्प्रिंकलर होते. एक तर बरोबर तंबूच्या दाराशी. हे अंडरपँटवर बाहेर धावले आणि स्वयंपाकाचं पातेलं त्याच्यावर उपडं घातलं, आणि ते पातेलं धरून पंधरा मिनिटं बसून राहिले, पाणी बंद होईपर्यंत. मी आत हसून हसून मेले. तेव्हापासून तंबू टाकायच्या आधी गवतात हात फिरवून बघायचो.

वुल्फ पॉइंटहून दक्षिणेला वळून सर्कल, ग्लेनडाइव्ह. वुल्फ पॉइंट ते सर्कल ८० किमीच्या वर, मध्ये जवळपास काही नाही, पाच-पाच लिटर पाणी घेऊन निघालो. आणि हा टापू सपाटही नाही, एकामागून एक नुसत्या लाटा. त्या दिवसाबद्दल मला फारसं काही आठवत नाही, एवढंच की ह्यांनी त्या दिवशी एक्सेल शीटचं नाव काढलं नाही.

ग्लेनडाइव्हच्या पुढे दुसरा रस्ता नसतो तिथे चक्क इंटरस्टेटच्या, म्हणजे तिकडच्या एक्स्प्रेसवेच्या, शोल्डरवरून जायचं, आय-९४. मोंटाना आणि नॉर्थ डकोटात सायकलला परवानगी आहे. शोल्डर रुंद आहे, भीती वाटत नाही, पण ट्रकचे फुटलेले टायर पडलेले असतात आणि त्यातल्या केसाएवढ्या स्टीलच्या तारा आपल्या टायरमध्ये घुसतात. माझं मागचं चाक एका सकाळी तीनदा पंक्चर. दोनदा ट्यूब बदलली, हे टायरच्या आतून बोट फिरवतायत, काही लागत नाही. शेवटी मी पॅनिअरमधून (सायकलला लटकवायची बॅग) कापूस काढला आणि टायरच्या आतून गोल फिरवला, एका जागी कापसाचा धागा अडकला. तिथे अर्धा सेंटिमीटर तार, बोटाला न लागणारी. भुवयांच्या चिमट्याने ओढून काढली. ती तार अजून माझ्या पाकिटात आहे.

मेडोराला दोन दिवस आराम. थिओडोर रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तो, इथे १८८३ मध्ये रानरेड्यांच्या, म्हणजे बायसनच्या शिकारीला आला होता, पुढच्या वर्षी १४ फेब्रुवारीला त्याची बायको आणि आई एकाच दिवशी गेल्या, आणि तो परत इथेच येऊन गुरं पाळत राहिला. बॅडलँड्सचे, म्हणजे इथल्या झिजलेल्या उजाड मुलखाचे, ते पट्ट्यापट्ट्यांचे डोंगर संध्याकाळी बघितले की कळतं माणूस इथे का आला असेल. बायसन रस्त्यात बसले होते, आम्ही लांबूनच वाट बघितली, ४० मिनिटं. त्यांना कुणी हॉर्न मारत नाही.

डिकिन्सनच्या पुढे घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणजे फुकटात एक तास गेला. तिथे पवनचक्क्याही भरपूर. हे वीज मंडळातले, ह्यांनी लगेच शोध लावला की पवनचक्कीचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं, तेव्हा लांबून ती पाठमोरी दिसली की समजायचं, आज आपण दोघं आणि ती एकाच दिशेला तोंड करून उभे आहोत. त्या आठवड्यात एकही चक्की समोरून भेटली नाही. न्यू सालेमच्या टेकडीवर ३८ फूट उंच फायबरग्लासची गाय आहे, १९७४ पासून उभी, सालेम सू. तिच्या सावलीत बसून आम्ही चिवडा संपवला.

मिसूरी नदी ओलांडून बिस्मार्कला पोचलो आणि त्यानंतर हळूहळू जमीन खरोखर सपाट होत गेली. शेवटचा रेड नदीचा पट्टा तर हिमयुगातल्या अगासिझ नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ आहे, त्यामुळे तिथे पाणीसुद्धा विचार करून वाहतं, आणि वाहतं ते उत्तरेला. शेवटचे ६० किमी. वारा आग्नेयेचा. आम्ही पाच-पाचवर होतो, न बोलता, घंटी वाजली की बदल.

फार्गोला नदीच्या पुलावर लेक आणि जावई गाडी घेऊन उभे. पुलाच्या आधी एक किलोमीटर माझी पाळी संपली, मी बाजूला झाले, तर हे काही पुढे येईनात. म्हटलं या की. म्हणाले, चल चल, माझा गुडघा दुखतोय. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सायकली गाडीच्या रॅकवर बांधल्या आणि मिनियापोलिसला निघालो. हे मागच्या सीटवर झोपले होते. मी सवयीने फोनवर वारा बघितला. पश्चिमेचा, ताशी ३२. ह्यांना उठवलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही, आणि हे ब्लॉग वाचत नाहीत.