घुमट थांबला ती एक मात्रा

करारात 'संगीतकार' असा एक रकाना आहे. गेले अठरा दिवस मी तो उघडते, माझं नाव लिहिते, पुसते आणि लॅपटॉप मिटते. मुंबईच्या दोघा मुलांना त्यांच्या लघुपटाच्या शेवटी माझं गाणं हवंय. चाळीस हजार देणार आहेत. मिरजेहून गोव्यात येऊन मला अडीच वर्षं झाली, आणि स्वतः लिहिलेल्या, स्वतः चाल लावलेल्या मराठी गाण्याचे पैसे पहिल्यांदाच मिळताहेत. सही करून मोकळं व्हायला हवं होतं. होत नाहीये.

ते गाणं ज्या रूपात त्यांनी ऐकलं, ते रूप डिसेंबरातल्या एका शनिवारी किनाऱ्याजवळच्या आसगावच्या एका रेस्टॉरंटात तयार झालं. म्हणून तो दिवस सांगते.

डिसेंबरात गोव्यातले निम्मे वादक लग्नांत असतात. बाहेरून आलेली मोठमोठी लग्नं, तीन-तीन दिवस चालणारी, आणि आमच्यासारख्यांना रेस्टॉरंटवाले देतात त्याच्या तिप्पट पैसे. माझ्याबरोबर काहोन, म्हणजे बसून हातानं वाजवायचं लाकडी खोकं, वाजवणाऱ्या मुलाचा त्या दिवशी दुपारी बारा वाजता निरोप आला: लग्नात जातोय, सॉरी. त्याच्यावर राग धरत नाही. सीझन मेपर्यंतचा, पुढे पावसाळाभर शिकवण्यांवर जगायचं असतं, मिळेल तेव्हा कमवायलाच हवं. पण आदल्या रात्री सांगता आलं असतं.

मी माशेलला भाड्यानं राहते. आसगावातली भाडी माझ्यासारख्याला परवडण्यातली राहिलेली नाहीत. तिथे गाणारे बहुतेक जण तिथून लांब राहतात आणि रात्री अकराला स्कूटरवर गिटार बांधून घरी येतात. माझ्या घरमालकीण काकींचा भाचा सुतार आहे. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. चवथीला काकींच्या घरी, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली, आरत्या झाल्या तेव्हा त्याला घुमट वाजवताना ऐकलं होतं. त्या रात्री सहा घुमट, एक काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि झांजेसारखं कासाळें होतं, आणि त्या गदारोळातही त्याचं घुमट वेगळं कळत होतं, कारण तो कमी वाजवत होता. मी काकींना म्हटलं, दादा येतील का विचारा. तो पाच वाजता रंध्याचा भुसा अंगावर तसाच घेऊन, घुमट पिशवीत घालून हजर झाला.

घुमट ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ते मातीचं मडकं असतं, दोन्हीकडून उघडं. मोठ्या तोंडावर कातडं, मागचं छोटं तोंड मोकळं. उजव्या हातानं कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं मागचं तोंड झाकत-उघडत खर्ज घडवायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकरीचं. गोवा सरकारनं २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. आसगावच्या त्या रेस्टॉरंटच्या मॅनेजरनं मात्र पिशवीकडे बघून विचारलं, "हा माठ कशाला?"

मॅनेजरचा माणूस म्हणून मला त्रास नाही. पैसे त्याच रात्री देतो, जेवण नीट देतो, आणि या धंद्यात तेवढं करणारे फार थोडे भेटलेत. पण त्यानं मला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं: इंग्रजी आणि जुनी हिंदी गाणी, 'रीजनल नको, क्राउड उठून जातो'. गायिका केसरबाई केरकरांची केरी आमच्या माशेलपासून लांब नाही. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर ज्या तबकड्या पाठवल्या त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, जितेंद्र अभिषेकीबुवा मंगेशीचे, सगळे गाणारे. या मातीत मराठी गाणं उपरं कसं ठरतं ते मला कळत नाही, आणि गोव्यात कुणी मला गावात गाताना 'मराठी नको' म्हटलेलं नाही. ते फक्त किनाऱ्याजवळच्या मेनूकार्डांवर घडतं.

साउंडचेक सहाला. घुमटाला खरं तर दोन माइक लागतात, एक कातड्यासमोर, एक मागच्या तोंडाशी. आमच्याकडे जास्तीचा एकच होता. साउंडच्या मुलानं सवयीनं तो पुढे लावला. स्पीकरमधून नुसतं 'टक टक' यायला लागलं, एखाद्यानं टेबलावर बोटं वाजवावीत तसं. दादा वाजवायचा थांबला, काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला दिसला. मी माइक मागे नेला, तोंडापासून चार बोटं लांब, जरा तिरका, म्हणजे तळव्याची हवा थेट त्यावर आपटू नये. मिक्सरवर प्रत्येक चॅनलला खालचे सूर कापणारं बटण असतं; गाणाऱ्याच्या आवाजासाठी ते दाबून ठेवतात आणि मग सगळ्याच चॅनलना दाबलेलं राहतं. ते सोडलं. एकदम तो 'घूं' बाहेर आला आणि बारमागचा पोरगा वर बघायला लागला. मग खर्ज घुमून माझ्या गिटारच्या पोटात शिरायला लागला, गिटार हुंकारायला लागली, म्हणून गिटारच्या भोकावर रबराचं झाकण बसवलं, दोनशे-अडीचशे हर्ट्झचा पट्टा थोडा खाली घेतला, दादाला स्पीकरच्या रेषेतून दोन पावलं मागे बसवलं. पाऊण तास गेला. आयुष्यात केलेल्या चांगल्या कामांपैकी ते एक आहे असं मी मानते. पाहुण्यांपैकी कुणाला ते कळणार नव्हतं.

अंधार पडला तसं दव यायला लागलं आणि कातडं सैल पडलं. माझ्या तारांनाही इथे महिन्याभरात गंज धरतो, पण तारा बदलता येतात. दादा उठला, स्वयंपाकघरात गेला आणि पिझ्झाच्या भट्टीशेजारी घुमट धरून उभा राहिला. मधूनमधून बोटानं टिचकी मारून ऐकत होता. आचारी त्याला जागा करून देत होते. ते सगळे सिंधुदुर्ग-बेळगावकडचे, त्यांना विचारायची गरज पडली नाही.

पहिल्या पाऊण तासात ठरलेलं गायले. दुसऱ्याच्या शेवटी दहाला दहा कमी असताना मॅनेजरनं मनगटावर बोट आपटलं. उघड्या जागेत रात्री दहानंतर स्पीकर चालत नाहीत, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, आणि ते मला पटतात. आजूबाजूला माणसं झोपतात. एका गाण्याचा वेळ होता. त्यानं एका हिंदी गाण्याची खूण केली. मी माझं गायले. का, ते नीट सांगता येत नाही. भट्टीपाशी उभा असलेला माणूस बघितल्यापासून ते गाणं डोक्यात होतं.

माझे बाबा मिरजेत तानपुऱ्यांची जवारी काढायचे. हाडाच्या घोडीवर कानस इतकी हलकी फिरवायची की तार तिच्यावर टेकते आणि टेकत नाही, आणि त्या जागेतून आवाज झणझणत उठतो. एक घासणी जास्त झाली की तो गेला. मोठमोठे गवई त्यांच्यासमोर चटईवर बसून वाट बघायचे. गाणं त्यांच्यावर आहे. मुखडा असा:

हळू चालव कानस, बाबा,
सूर अजून जागा नाही.

चार मात्रांचा सरळ ठेका, लय चढी, न थांबता म्हणायचं. गाणं लिहिलं तेव्हा बाबा होते. त्यांनी फोनवर ऐकलं, म्हणाले, "जवारीवर गाणं कोण ऐकणार?" आणि खूश झाले. गेल्या मार्चमध्ये ते गेले. त्यानंतर हे गाणं मी लोकांसमोर गायले नव्हते.

दादानं ते कधीच ऐकलेलं नव्हतं. पहिली ओळ त्यानं नुसती ऐकली. दुसऱ्या वेळेला मागून खर्ज भरायला सुरुवात केली, माझ्या लयीपेक्षा किंचित मागे रेलून, त्यामुळे मलाही उतरावं लागलं. आणि तिसऱ्यांदा 'बाबा' या शब्दावर आले तेव्हा घुमट थांबलं. एक पूर्ण मात्रा, काहीही नाही. माझा हातही थांबला. त्या रिकाम्या जागेत 'बाबा'चा शेवटचा स्वर आपोआप लांबला आणि षड्जावर संपायचा तो कोमल निषादावर सरकून राहिला. मग 'सूर अजून' समेनंतर उचलावं लागलं. पुढच्या प्रत्येक मुखड्याला त्यानं तीच जागा सोडली. शेवटच्या दोन वेळेला मी तिची वाट बघत होते.

मागच्या टेबलावरचे लोक बोलायचे थांबले. कुणी उठून गेलं नाही. एका मुलीनं फोनवर सव्वा मिनिट टिपलं, तेच पुढे मुंबईला पोचलं. मुंबईच्या मुलांनी लिहिलंय, 'ती थांबायची जागा तशीच ठेवा, त्यासाठीच गाणं हवंय'.

त्या रात्रीचे आठ हजार मिळाले. तीन मी दादाला दिले. काहोनवाल्याला अडीच देते, म्हणून तीन. तेव्हा ते मला उदार वाटलं होतं, आणि आज ते आठवलं की लाज वाटते.

पुण्यात माझी एक मैत्रीण असे करार बघते. ती म्हणाली, वादक म्हणून नाव दे, मानधन दिलंयस, विषय संपला. बाबाही हेच म्हणाले असते. त्यांच्या जवारीवर कितीतरी रेकॉर्ड निघाल्या, कशावरही नाव नाही, आणि त्यांना त्याचं दुःख नव्हतं. मला आहे. कॉपीराइटच्या कायद्यात संगीतकार म्हणजे संगीत रचणारी व्यक्ती, तिनं ते लिहून ठेवलेलं असो वा नसो, असं म्हटलंय. ती व्याख्या वाचली त्या रात्री झोप लागली नाही. लय त्यानं बदलली, ती मात्रा त्यानं रिकामी ठेवली, तिच्यामुळे चाल बदलली.

परवा त्याच्या कारखान्यात गेले. तो एका घुमटावर नवीन कातडं चढवत होता. मडकं डिचोलीच्या कुंभाराकडचं. मला म्हणाला, धर. मी मडकं धरून बसले आणि सगळं सांगितलं. चाळीस हजार, रकाना, टक्केवारी. तो दोरी आवळत होता.

"ती जागा तुमची आहे दादा," मी म्हटलं. "मी कधी तशी गायले नव्हते."

"हांवें खंय किदें केलें?" तो म्हणाला. "तूं थंय दम घेतालें. म्हणून हांव रावलों."

मी घरी येऊन ते सव्वा मिनिट पुन्हा ऐकलं, हेडफोन लावून, आवाज वाढवून. तो म्हणतो ते खरं आहे, मी तिथे दम घेत होते म्हणून तो थांबला. 'बाबा' म्हणताना माझा श्वास तुटतो. घुमट त्याच्या नंतर थांबतं, अगदी किंचित नंतर. पण तो श्वास पहिल्या दोन मुखड्यांतही तुटलेला आहे, आणि तिथे माझीच गिटार त्याच्यावरून चालत गेली आहे. बाजूला बसलेल्या माणसाला तो ऐकू आला.

रात्री काकींना सांगून त्याचं पॅन कार्ड मागवलं. त्याच्या मुलानं फोटो पाठवला, कार्डाच्या कडेला भुशानं भरलेला अंगठा. रकान्यात आता दोन नावं आहेत. शेजारच्या चौकटीत कोणाचे किती टक्के ते भरायचंय, बेरीज शंभर झाल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. आज बुधवार. मी साठ-चाळीस भरलं होतं, मघाशी ते पुसलं.