लाकडातला चेहरा
आज दिवसभर वुडकटमधली (लाकडी फळी कोरून, तिच्यावर शाई लावून कागदावर घेतलेल्या छापांमधली) व्यक्तिचित्रं पाहिली आणि संध्याकाळी एक फळी स्वतःही कोरायला घेतली. पेन्सिलीने चेहरा काढताना आपण सावल्या भरत जातो. इथे सगळं उलट! न कोरलेली फळी निव्वळ काळी छापली जाते, म्हणून कपाळावरचा, गालावरचा उजेड कोरून काढायचा. उरलेलं लाकूड तेवढं शाई घेतं. करडी छटा हवी असेल तर बारीक रेघांची दाटी करायची. (आणि हो, डावा गाल छापात उजवीकडे जातो.)

लाकडाच्या रेषांना आडवं कोरताना हाताला चांगलाच विरोध होतो. या चेहऱ्यांमधला करारीपणा मला त्या विरोधातूनच आलेला वाटतो. जर्मन चित्रकार केटे कोलविट्स एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापणं) आणि लिथोग्राफीत (दगडावर चित्र काढून छापणं) मुरलेली, तरी १९२० मध्ये जर्मन शिल्पकार अर्न्स्ट बार्लाखचे वुडकट पाहून ती या माध्यमाकडे वळली. युद्धात मुलगा गमावलेली आई होती ती. तिच्या १९२२-२३ च्या आत्मचित्रात काळोखातून समोर येणारा थकलेला चेहरा आहे, सजावट काहीच नाही. त्या चित्रापुढून मला लवकर हलवेना.

माझ्या फळीवर कपाळ आणि नाक झालंय. कोरलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून डोळे मुद्दाम शेवटी ठेवलेत.