मेहरांगीरच्या फाटकावरची हजेरी

शाळेच्या समितीचं पत्र आलं. त्यात ‘शाळेविषयीच्या आठवणी, साधारण हजार शब्द’ असं लिहिलं आहे. शाळेवर बाकीचे लिहितीलच. स्नेहसंमेलन, कबड्डीची ढाल, चिंचेचं झाड हे सगळं कोणी ना कोणी घेणारच. मी सरांवर लिहितो. कोणते सर हे सांगायला नको. विज्ञानाचे म्हटलं की आमच्या पुढच्या-मागच्या वीस बॅचना कळतं. पाठीमागे आपण सगळे त्यांना ‘भाभा सर’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज, आवडतही होतं.

प्रयोगशाळेत ॲसिडच्या कपाटावर पुठ्ठ्याला चिकटवलेलं एक पिवळं पडलेलं कात्रण होतं, जानेवारी १९६६ मधल्या वर्तमानपत्राचं. दर वर्षी २४ जानेवारीला सर धडा घेत नसत. व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले अणुशास्त्रज्ञ होमी भाभा, एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान, माँ ब्लां पर्वतावरचा अपघात, गेलेली ११७ माणसं. ताश्कंदला शास्त्रीजी जाऊन जेमतेम तेरा दिवस झाले होते. ‘छप्पन्न वर्षांचा माणूस,’ एवढं बोलून सर खिडकीबाहेर पाहत बसायचे. आम्ही आठवी-नववीतली पोरं. आम्हाला छप्पन्न म्हणजे म्हाताराच वाटायचा. मी आता साठीकडे निघालो आहे.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा सांगतो. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. ती पाण्याच्या हौदात बुडवलेली असायची आणि चालू असताना त्या पाण्यात निळा उजेड पडायचा. हा उजेड पाहूनच नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिलं. आता हे नागपुरात बसून पोरांना दाखवायचं कसं? सरांनी घरून काचेची बरणी आणली, पाण्यात कपड्याच्या निळीची चिमूट सोडली, खिडक्यांना पोती लावून अंधार केला आणि बरणीखाली टॉर्च धरला. पोरं गप्प. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, ‘सर, अप्सरा कुठी आहे?’ सरांनी अंधारातच आवाजावरून नाव ओळखलं आणि त्याला आठवडाभर परीक्षानळ्या धुवायला लावल्या.

खरा उजेड निळीने येत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. भारलेले कण पाण्यातल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने धावले की तो निघतो. ‘पाण्यातल्या’ हा शब्द फळ्यावर दोनदा अधोरेखित केला होता. पुढे अभियांत्रिकीच्या तोंडी परीक्षेत मला नेमकं हेच विचारलं, ते जाऊ द्या.

सरांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. त्यामुळे भाभा म्हणजे त्यांना घरचाच माणूस. हिशेब असा: भाभांची सख्खी आत्या मेहरबाई ही दोराबजी टाटांची बायको, म्हणजे जमशेटजींची सून. जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ ला ही एम्प्रेस गिरणी सुरू केली ती आपल्या नागपुरात. ‘मंग पाहता नातं निघते का नाही?’ असं ते विचारायचे. आपल्याकडे नातं काढायला एवढं पुष्कळ होतं.

आता सहलीकडे येतो. डिसेंबर १९८१, नववीची मुंबईची सहल. अडतीस पोरं, दोन सर, एक शिपाईकाका आणि तिखट शंकरपाळ्यांचे तीन डबे. आमच्यातल्या बहुतेकांनी तोवर सगळ्यात मोठं पाणी पाहिलं होतं ते अंबाझरीचं. ट्रॉम्बेला शाळेच्या पोरांना कोण आत सोडणार! म्हणून सरांनी दुसरा बेत मनाशी ठरवलेला होता आणि तो व्ही. टी.ला उतरेपर्यंत कोणाला सांगितला नव्हता. चौपाटीच्या भेळेला काट मारून मलबार हिलला जायचं आणि भाभांचं घर पाहायचं.

हँगिंग गार्डन झालं, म्हातारीचा बूट झाला. कमला नेहरू पार्कच्या कठड्यावरून खाली चौपाटीचा अर्धा चंद्र आणि पुढे नुसतं पाणीच पाणी. मी तिथेच थांबलो. सगळे रांगेने लिटल गिब्ज रोडकडे निघाले, आणि मी कठड्याला पोट टेकवून बोटी मोजत होतो. सतरा झाल्या तेव्हा मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण इतक्या वेळा ऐकलं आहे की आता पाहिल्यासारखंच आहे. बंगल्याचं नाव मेहरांगीर. आई मेहरबाई (आत्याचंही हेच नाव, यावर आमचा दर वर्षी गोंधळ व्हायचा) आणि वडील जहांगीर, दोघांची नावं जोडून केलेलं. समुद्राकडे तोंड केलेलं घर. फाटक अर्थातच बंद. होमी भाभांचे धाकटे बंधू जमशेद, एन. सी. पी. ए. ही नाटक-संगीताची संस्था उभी करणारे, तेव्हा तिथे राहत होते. सरांनी आत जायची परवानगी मागितलीच नाही. रस्त्याच्या कडेला पोरांच्या चार रांगा केल्या आणि सांगायला लागले. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली मुंबईत भरली ती पेडर रोडच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात, भाभांचा जन्म झाला त्याच वास्तूत. १९४९ मध्ये ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली. कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन १९६२ चं. म्हणजे एवढी मोठी संस्था, पण सुरुवात घरातल्या खोल्यांतून. ‘तुमच्याबी घरी खोल्या आहेत,’ असं सर म्हणाले म्हणे. आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या घरी एकच खोली होती, पण कोणी बोललं नाही.

मग त्यांनी पिशवीतून हजेरीचं रजिस्टर काढलं. सहलीला हजेरीपट आणणारे मास्तर मी दुसरे पाहिले नाहीत. मेहरांगीरच्या फाटकासमोर त्यांनी हजेरी घेतली. एकामागून एक अडतीस आडनावं, आणि दर आडनावाला खच्चून ‘हजर सर!’ पहारेकरी मोर्चा आला समजून काठी घेऊन बाहेर आला. काय चाललंय ते कळल्यावर त्याने काठी भिंतीला टेकवली आणि हजेरी संपेपर्यंत तोही पोरांसारखा ताठ उभा राहिला.

सदतीस हजर होते. माझ्या नावापुढे तांबड्या पेनाने ‘गै’ पडला.

शिपाईकाकांनी मला पार्कातून धरून आणलं तेव्हा सगळे बसथांब्यावर होते. ‘कुठी होता बे?’ ‘समुद्र पाहून राहिलो होतो सर.’ सरांनी मारलं नाही. ‘समुद्र कुठी पळून नव्हता चालला,’ एवढंच म्हणाले. नागपूरला आल्यावर मी दोनदा जाऊन तो शेरा खोडायची विनंती केली. त्यांनी रजिस्टर उघडून मला दाखवलं आणि बंद केलं.

पुढे मी वीज मंडळात लागलो आणि कोराडीच्या केंद्रात नोकरी काढली. बॉयलर, टर्बाइन, राख हेच आयुष्य. एक संच विक्रमी दिवस अखंड चालवला म्हणून मंडळाचं प्रशस्तिपत्रही मिळालं, ते दाखवायला सरांकडे गेलो. ‘भाभाच्या फाटकाशी नेला आणि कोळशात जाऊन बसला,’ म्हणाले, आणि प्रशस्तिपत्र चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला आठवतं, ‘अखंड’वरचा अनुस्वार छापायचा राहिला होता. तो त्यांनी पेनने दिला.

जमशेद भाभा २००७ मध्ये वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. घर मृत्युपत्राने एन. सी. पी. ए.कडे गेलं आणि जून २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटींना विकलं गेलं. तिथे स्मारक करा, संग्रहालय करा, असं शास्त्रज्ञ म्हणत होते. अणुशक्ती खात्यातले कर्मचारी न्यायालयात गेले. लिलाव काही थांबला नाही. संस्थेला पैसा लागतो आणि मिळकत तिची होती, हे मलाही कळतं. पण देशाच्या अणुकार्यक्रमाच्या जनकाचं राहतं घर टिकवायला सरकारला पैसे सापडू नयेत, हे मला आजही पटत नाही. सरांना त्या दिवशी मी फोन केला. ते तेव्हा ऐंशीच्या घरात होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तीनशे बहात्तर कोटी. आता तुझा तो गै काही खोडता येत नाही.’

२०१६ मध्ये बंगला पाडला. त्याच हिवाळ्यात मुलीकडे मुंबईला गेलो होतो, तेव्हा मलबार हिलला जाऊन आलो. पत्र्याचं कुंपण, आत मोकळी जागा, आणि घर नसल्यामुळे रस्त्यावरूनच दिसणारा समुद्राचा एक तुकडा. मी बोटी मोजल्या नाहीत. परतताना गाडीत सरांना सांगायची वाक्यं जुळवत होतो. घरी पोचून फोन लावला, तर त्यांच्या सूनबाईंनी उचलला आणि ते आता माणसं ओळखत नाहीत म्हणाल्या. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

आपली जुनी कौलारू प्रयोगशाळाही आता नाही. तिथे संगणक कक्ष झाला आहे, वातानुकूलित. पोरांना उन्हाळ्यात बरं वाटत असेल. ॲसिडच्या कपाटावरचं कात्रण कोणाकडे गेलं ते मी दोन-तीन जणांना विचारलं, कोणालाच माहीत नव्हतं. कार्यालयाच्या माळ्यावर मात्र जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे अजून आहेत, असं शिपाईकाकांच्या मुलाकडून कळलं. समितीला माझी एक विनंती आहे. १९८१-८२ चं नववी ‘ब’चं रजिस्टर सापडलं तर ते रद्दीत घालू नका. डिसेंबरच्या पानावर एक तांबडा गै असेल. तो खोडू नका, फक्त मला एकदा पाहू द्या.