नांदायला ये म्हणून कोर्टाची नोटीस

मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या नावाने कोर्टाचा जाडजूड लिफाफा आला आणि मामीचा मला फोन, अगं त्याने घटस्फोट टाकला गं, आणि पुढे नुसतं रडणं. मी वकील नाहीये, एका वकिलांकडे सात वर्षं टायपिंग करते, पण घरात कोर्टाचा कागद आला की सगळे मलाच विचारतात. म्हटलं आधी फोटो पाठव. बघते तर घटस्फोट नाहीच, उलटच प्रकार, हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९. बायको काही कारण नसताना माहेरी जाऊन बसलीये, तिला परत पाठवा असं नवऱ्याचं म्हणणं. कागदावर लिहिलेलं 'दाम्पत्य हक्कांचे प्रत्यास्थापन'. आता हे वाचून मामीला काय कळणार होतं! आमच्या ऑफिसात त्याला सरळ नांदायचा दावा म्हणतात. बायकोपण टाकू शकते बरं का हा दावा, फक्त नवऱ्यानेच टाकायचा असं काही नाही.

मामीचा पुढचा प्रश्न, मग आता पोलीस येऊन तिला घेऊन जाणार का? नाही हो. समजा निकाल त्याच्या बाजूने लागला तरी कोणी हात धरून सासरी नेऊन सोडत नाही. फार तर मालमत्तेवर जप्ती मागता येते. आणि खरी मेख पुढे आहे, निकालानंतर एक वर्षभर दोघं एकत्र आलेच नाहीत तर त्याच कारणावर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतं. म्हणजे नांदायला ये म्हणून सुरू झालेली केस शेवटी काडीमोडावर जाते, असे कागद मी स्वतः टाईप केलेत.

पण एकेकाळी ह्याच दाव्यात तुरुंगाची भीती होती. आपल्या मुंबईतलीच रखमाबाईंची केस. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठी झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला, नवरा दादाजी भिकाजी हायकोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाल्या तुरुंगात जाईन. टिळकांनी केसरीतून त्यांच्याविरुद्ध लिहिलं, हेही सांगायला हवं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि बाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं तर म्हणते, ताई मला डॉक्टर नाही व्हायचंय, मला पोटगीचं सांग.

तर पोटगी. सासरच्यांनी तिला आधीच ऐकवलेलं, नांदायला नाही आलीस तर एक रुपया मिळणार नाही. असं काही नसतं. १० जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नवऱ्याकडे नांदायचा हुकूमनामा असला आणि बायको गेली नाही तरी तेवढ्यावरून तिची पोटगी आपोआप जात नाही, ती का गेली नाही हे बघावं लागतं. ही पोटगी मागतात ते पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणजे आताचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, जुलै २०२४ पासून नंबर बदललाय, पण आमच्याकडे अजून सगळे 'एकशे पंचवीस टाकलं' असंच बोलतात, मीपण.

मग वकिलांनी कलम ९ ला उत्तर आणि सोबत पोटगीचा अर्ज असं दोन्ही तयार केलं. त्यात उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र लागतं, २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही द्यावं लागतं, पगार, कर्ज, एफडी, गाडी सगळं. नवऱ्याचं दुकान कागदोपत्री सासऱ्यांच्या नावावर आहे असं बहीण म्हणते, बघू तो काय लिहितो. तिच्या बाजूला मात्र मामी मला खुणा करत होत्या, ती पोस्टातली आरडी नको गं लिहूस. लिहिली, अठरा हजार रुपये. मामी तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीयेत आणि पहिली तारीख सोमवारी आहे.