खुमजुंगच्या पेटीतला यती

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्या प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये नामचे बाजार सोडलं की कुणीतरी गाईडला विचारतंच, "दाई, यती सच में होता है क्या?" आणि दाई हसतो, "होता है" म्हणतो नाहीतर "बूढे लोग बोलते हैं" म्हणतो आणि चालायला लागतो. बहुतेकांचं समाधान तेवढ्यावर होतं. माझं झालं नाही, कारण परत आल्यावर जे काही वाचत गेलो त्यात मला यतीपेक्षा यतीच्या मागे लागलेल्या लोकांचीच गोष्ट जास्त दिसायला लागली, आणि त्यातला बराचसा भाग वाचून खरंच राग येतो. म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की यती, म्हणजे हिममानव, शेर्पा लोकांचा आहे, त्यांच्या गोंपातला (बौद्ध मठातला), त्यांच्या चुलीपाशी सांगितला जाणारा, आणि शंभर वर्षं बाहेरची माणसं येऊन तो त्यांच्याकडनं ओढून न्यायला बघतायत.

आधी शेर्पा काय सांगतात ते बघू, कारण हिममानवावरच्या लेखांत हेच सगळ्यात शेवटी आणि दोन ओळीत येतं.

त्यांच्याकडे यती एकच नाही. झुते म्हणून एक, अंगानं प्रचंड, बऱ्याचदा चार पायांवर चालणारा, याक मारून खाणारा. मिते म्हणजे माणसाएवढा. आणि थेल्मा म्हणून छोटा, खालच्या जंगलात राहणारा. म्हणजे नुसतं "राक्षस आहे" असं कोणी म्हणत नाहीये, कोण कुठे राहतो, काय खातो याची नीट वाटणी आहे. मादी यती मागे लागली तर उताराच्या दिशेनं पळायचं, कारण तिची लांब स्तनं मध्ये येतात आणि तिला खाली पळता येत नाही, हे तर खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या शेर्पा मुलखातल्या, पोराटोरांना माहीत असतं.

मग एक भयंकर गोष्ट आहे. यती खूप माजले होते, पिकं उपटायचे, जनावरं मारायचे, तेव्हा गावकऱ्यांनी काय केलं, डोंगरावर जाऊन दिवसभर छांग, म्हणजे तिकडची घरगुती दारू, प्यायचं नाटक केलं, लाकडी तलवारी घेऊन एकमेकांना मारल्याचं नाटक केलं, आणि संध्याकाळी खाली येताना छांगची भांडी आणि खऱ्या धारदार तलवारी तिथेच ठेवून आले. यती लांबून सगळं बघत होते आणि त्यांना माणसाची नक्कल करायची भारी हौस. रात्री उतरले, छांग प्यायले, तलवारी उचलल्या आणि एकमेकांना कापून टाकलं. जागा कुठली ते गावागावात वेगळं सांगतात, पण गोष्ट हीच. मला ही गोष्ट ऐकून पहिल्यांदा काय वाटलं तर यतीची कीव आली. माणूस जिंकला खरा, पण कपटानं, आणि सांगणारे ते लपवत पण नाहीत.

आणि याच्या बरोबर उलटी गोष्ट खुंबूतल्याच पांगबोचे गावची. पांगबोचेचा गोंपा खुंबूतल्या सगळ्यात जुन्या गोंपांपैकी, तो ज्यांनी उभा केला ते लामा सांगवा दोर्जे गुहेत ध्यानाला बसायचे तेव्हा यती त्यांना पाणी, सरपण, खायला आणून द्यायचे. त्यातला एक यती मेला तेव्हा लामांनी त्याची डोक्याची कातडी आणि हात जपून ठेवला. म्हणजे तो हात म्हणजे शिकारीची ट्रॉफी नव्हती, एका सेवेकऱ्याचे अवशेष होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

पांगबोचेजवळच्या एका लॉजमध्ये जेवण झाल्यावर शेकोटीभोवती बसलो होतो तेव्हा लॉजवाल्या दीदीला मी याबद्दल विचारलं. कोकणातला माणूस राखणदाराबद्दल बोलताना जसा आवाज खाली आणतो, अगदी तसाच तिनं आणला. ती घाबरलेली नव्हती, पण तो विषय तिच्यासाठी टाइमपासचा नव्हता. नंतर मी तिला खोदून विचारलं नाही.

आता बाहेरच्यांची बाजू. 1921 मध्ये ब्रिटिशांची एव्हरेस्टची पहिली पाहणी मोहीम तिबेटच्या बाजूनं गेली, हॉवर्ड-बरी लीडर. ल्हाक्पा ला खिंडीत बर्फात मोठे ठसे दिसले. त्याचं स्वतःचं मत होतं की लांडग्याचे असणार, पोर्टर म्हणाले की रानातल्या हिममाणसाचे. मोहीम परतल्यावर कलकत्त्याच्या स्टेट्समनसाठी लिहिणाऱ्या हेन्री न्यूमननं दार्जिलिंगला पोर्टर लोकांशी बोलून बातमी केली, आणि तिबेटी शब्दांचं अर्धवट भाषांतर करून त्यात एक सनसनाटी इंग्रजी नाव ठोकून दिलं, अबॉमिनेबल स्नोमॅन. झालं. ज्या प्राण्याला तिथली माणसं मान देऊन, अंतर राखून वागवत होती तो जगभरच्या पेपरात ओंगळ भूत होऊन बसला.

1951 मध्ये एरिक शिप्टन आणि मायकल वॉर्ड या ब्रिटिश गिर्यारोहकांनी मेनलुंग हिमनदीवर एका ठशाचा फोटो काढला, शेजारी गिर्यारोहणाची कुऱ्हाड (आइस अ‍ॅक्स) ठेवून, तोच तो फेमस फोटो, फूटभर लांब पाऊल आणि बाजूला गेलेला जाडजूड अंगठा. त्यांच्याबरोबरच्या शेर्पा सेन तेनझिंगला तो बघून जराही शंका नव्हती की हा यतीचाच. या फोटोनंतर मात्र रांगच लागली. 1954 ला लंडनच्या डेली मेलनं आख्खी मोहीम पाठवली, मग टेक्ससचा तेलवाला करोडपती टॉम स्लिक, त्यानं 1957 पासून तीन वर्षं माणसं पाठवली. नेपाळ सरकारला शेवटी नियम करावे लागले, आणि 1959 च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या अमेरिकन दूतावासानं ते आपल्या लोकांसाठी लिहून काढले: परमिटचे 5,000 भारतीय रुपये भरायचे, यतीचा फोटो काढा नाहीतर जिवंत पकडा पण मारायचा नाही, जीवावर बेतलं तरच गोळी घालायची, आणि काहीही सापडलं तर आधी नेपाळ सरकारला सांगायचं, पेपरवाल्यांना नाही. लोक हे वाचून हसतात. मला त्यात एका छोट्या देशानं आपल्या डोंगरातल्या जिवाची घेतलेली काळजी दिसते, तो जीव असो नसो.

आणि नेमकं त्याच सुमारास पांगबोचेत चोरी झाली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. स्लिकच्या टीममधला पीटर बर्न, त्यानं गोंपातल्या त्या हातातलं बोट काढून घेतलं आणि जागी माणसाची हाडं बसवली, म्हणजे कळायला नको. ते बोट त्यानंच नेपाळमधून भारतात आणलं, आणि कलकत्त्याहून लंडनला गेलं ते हॉलिवूडचा नट जेम्स स्टुअर्ट आणि त्याच्या बायकोच्या सामानातून, तिच्या आतल्या कपड्यांच्या बॅगेत लपवून. बर्ननं नंतर हे सगळं उघडपणे सांगितलं, आणि बऱ्याच ठिकाणी हे साहस म्हणून, मजेदार किस्सा म्हणून छापलं जातं. उद्या कोणी आपल्या एखाद्या देवळातल्या पादुका अशा उचलून नेल्या तर आपण किस्सा म्हणू का? बोट लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात पडून राहिलं, 2011 ला त्याची डीएनए तपासणी झाली आणि ते निघालं माणसाचं. बाकीचा हात तर 1990 च्या दशकात गोंपातून चोरीलाच गेला, अजून सापडलेला नाही. सिनेमासाठी वस्तू बनवणाऱ्या न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपनं नक्कल बनवून दिली आणि 2011 मध्ये ती गोंपात पोचवली गेली, आज तिथे जे दिसतं ते हेच. नक्कल देणाऱ्यांचं मन चांगलं होतं याबद्दल वाद नाही, पण अवशेष गेले ते गेले.

खुमजुंगचं मात्र वेगळं झालं, आणि या सगळ्या भानगडीत मला मनापासून आवडणारी हीच एक गोष्ट आहे. खुमजुंग नामचेच्या वर, साधारण 3,800 मीटरवर, हिरव्या पत्र्यांच्या घरांचं गाव. तिथल्या गोंपात पण यतीच्या डोक्याची कातडी आहे, उंच टोपीसारखी, वर मधोमध राठ केसांची कड. 1960 मध्ये एडमंड हिलरी शिकागोच्या वर्ल्ड बुक एन्सायक्लोपीडियाच्या पैशावर मोठी मोहीम घेऊन आला, यती शोधणं आणि उंचीवर शरीराचं काय होतं याचा अभ्यास, दोन्ही. त्यानं ती टोपी तपासायला मागितली, रीतसर, गावाकडे. गावानं चर्चा करून हो म्हटलं पण मुदत घातली, गोंपासाठी देणगी घेतली आणि टोपीबरोबर आपला माणूस पाठवला, गावातले जाणते खुंजो चुंबी. डोंगराबाहेरचं जग फारसं न पाहिलेला हा माणूस आपल्या गावाची पवित्र वस्तू सांभाळत शिकागो, पॅरिस, लंडन फिरून आला. पॅरिसमध्ये शंका घेणाऱ्यांना त्यांनी दिलेलं उत्तर सांगितलं जातं, की नेपाळात जिराफ नाही, कांगारू नाही, म्हणून आम्हाला त्यांच्याबद्दल माहीत नाही, तुमच्याकडे यती नाहीत, तेव्हा तुमचं अज्ञान मी समजू शकतो.

शास्त्रज्ञांनी सांगितलं ती टोपी सेरोच्या कातडीची आहे. सेरो म्हणजे हिमालयातला शेळी आणि हरणाच्या मधला वाटेल असा जंगली प्राणी. हिलरीच्या लोकांनी सेरोचीच कातडी साच्यावर ताणून तशीच टोपी करून पण दाखवली. यतीची म्हणून जी कातडी त्यांना विकत मिळाली होती ती निघाली तिबेटी अस्वलाची. म्हणजे हिलरीच्या हिशोबी यती संपला. पण टोपी ठरल्याप्रमाणे गावात परत आली, आणि 1961 मध्ये खुमजुंगला शाळा उभी राहिली, खुंबूतली हिलरीची पहिली शाळा, जिथून पुढे शेर्पांची पोरं डॉक्टर, पायलट, अधिकारी झाली. मागितली ती पोरांसाठी गावकऱ्यांनीच होती, यतीची बक्षिसी म्हणून नव्हे. टोपी अजून गोंपात कुलपाच्या पेटीत आहे. देणगी दिली की उघडून दाखवतात. मी बघितली तेव्हा शेजारी एक म्हातारी माळ ओढत बसली होती, तिला सेरोची कातडी असल्याचं कुणी सांगितलं नसेल असं थोडंच आहे? साठ वर्षं झाली, गावात सगळ्यांना माहितीये. तरी पेटी आहे, कुलूप आहे, पूजा आहे.

अस्वलाबद्दल आता जास्त खात्रीनं बोलता येतं. राइनहोल्ड मेसनर, आठ हजारी चौदाही शिखरं चढणारा पहिला माणूस, त्याला 1986 मध्ये तिबेटात रात्री काहीतरी दोन पायांवर उभं दिसलं आणि त्यानं पुढची कित्येक वर्षं त्याचा पिच्छा पुरवला, शेवटी म्हणाला अस्वल. मग 2017 ला अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाच्या शार्लट लिंडक्विस्ट यांच्या टीमनं यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले, केस, हाड, दात, कातडी, विष्ठा. आठ अस्वलाचे निघाले, हिमालयी तपकिरी, तिबेटी तपकिरी आणि काळं अस्वल, एक कुत्र्याचा. ठशांचं पण कोडं तसंच सुटतं. अस्वल चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अर्धवट पडतो, दोन मिळून एक लांबलचक पाऊल तयार होतं, आणि वर ऊन लागलं की कडा वितळून ते आणखी पसरतं. 2019 च्या एप्रिलमध्ये आपल्या आर्मीनं मकालू बेस कॅम्पजवळच्या 32 बाय 15 इंचाच्या ठशांचे फोटो ट्विट केले होते आठवतं का, आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर तेच चालू होतं, तेव्हा नेपाळकडून लगेच सांगितलं गेलं की त्या भागात असे ठसे अस्वलाचे असतात.

आणि आता परत झुते आठवा. प्रचंड, चार पायांवर चालणारा, याक खाणारा. शेर्पांनी झुतेचं जे वर्णन केलं ते अस्वलाला बरंचसं लागू पडतं, पहिल्यापासून. ते खोटं बोलत नव्हते. ऐकणाऱ्यांना माकड-माणूस हवा होता म्हणून त्यांनी फक्त मितेच ऐकला.

जगात असे केसाळ अर्धमानव बरेच आहेत, मंगोलियात अल्मास, चीनच्या शेन्नोंगज्याच्या जंगलात येरेन, सुमात्रात ओरांग पेंडेक, आपल्याकडे मेघालयात गारो टेकड्यांत मांदे बुरुंग, ज्याचे म्हणून 2008 मध्ये तपासलेले केस गोरल नावाच्या रानशेळीचे निघाले. अमेरिकेतल्या बिगफूटचं तर 1958 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला जे ठसे गाजले, ते ठेकेदार रे वॉलेसनं लाकडी पावलं घालून उमटवल्याचं तो 2002 मध्ये गेल्यावर त्याच्या घरच्यांनी सांगितलं. पण तिथेही त्याच्या कितीतरी आधीपासून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ लोकांकडे सास्क्वॉच होताच आणि त्यांना लाकडी पावलांची गरज नव्हती.

लिंडक्विस्टच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती जी बातम्यांमध्ये पार दबून गेली. हिमालयी तपकिरी अस्वल बाकी तपकिरी अस्वलांपासून साधारण 6,50,000 वर्षांपूर्वी वेगळं झालं, हिमनद्यांनी वाट अडवल्यावर. म्हणजे ही इतक्या जुन्या काळापासून एकटी पडलेली शाखा आहे, आणि आज ती फार थोडी उरलीये, लडाख, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या उंच कुरणांत विखुरलेली, पलीकडे पाकिस्तानात देवसाईच्या पठारावर. आपल्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल 1 मध्ये आहे, वाघाच्या बरोबरीनं, पण वाघाला जेवढ्या जीपगाड्या जातात त्याच्या एक टक्का पण लक्ष याच्याकडे कुणाचं नाही. द्रासच्या बाजूला ही अस्वलं वस्त्यांजवळच्या कचऱ्यावर येतात. कारगिलला बाईकवर जाणारे आपल्याकडचे इतके लोक आहेत, तर निदान आपलं प्लॅस्टिक आणि उरलेलं अन्न बॅगेत परत आणा, उघड्यावर टाकू नका. आणि लांबून कुठे अस्वल दिसलंच तर गाडी थांबवून त्याच्या मागे मोबाईल घेऊन धावू नका, पिल्लं बरोबर असतील तर ती आई कुणाचं ऐकणार नाही.