खुर्ची उचलून पळणारी पोरं

मी कॉलेजात फिजिकल डायरेक्टर आहे, पुण्यात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल सगळ्या टीम घेऊन फिरते, पण अल्टिमेट फ्रिस्बीच्या मॅचला माझी शिट्टी खिशातच राहते. कारण या खेळात रेफरीच नसतो. 1968 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या पोरांनी हा खेळ सुरू केला आणि आजही फाऊल खेळाडूंनीच सांगायचा, समोरच्याने मान्य करायचा नाहीतर नाही म्हणायचं. मुलंमुली एकत्र, सात-सात जण. डिस्क, म्हणजे ती प्लॅस्टिकची तबकडी, 175 ग्रॅमची, ती हातात असताना पळायचं नाही, आणि समोरचा मार्कर, म्हणजे आपल्याला अडवणारा समोरच्या टीमचा खेळाडू, दहापर्यंत मोजायच्या आत फेकायची.

तर त्या दिवशी इंटर-कॉलेजची मॅच होती, सकाळी फक्की मारून रेषा आखल्या तेव्हा वारा नव्हता, दुपारी असा सुटला की लांबचे थ्रो भलतीकडेच जायला लागले. त्यात आमच्या कॅप्टनचा घोटा आदल्या मॅचमध्ये मुरगळलेला. मी तिला खेळू देणार नाही म्हटल्यावर ती रडली नाही, भांडलीही नाही, म्हणाली, "मॅडम, मग मला लाईनवर खुर्ची द्या."

इथे एक सांगायला हवं. मार्करची पाठ बाकी सगळ्या खेळाकडे असते. त्याने एक बाजू अडवायची, म्हणजे थ्रो दुसऱ्या बाजूनेच जाईल आणि तिथे आपली माणसं टपलेली असतात. पण मागे कोण कुठे कट मारतंय, म्हणजे पास घ्यायला अचानक दिशा बदलून पळतंय, हे त्याला दिसत नाही, ते बाहेर उभ्या असलेल्यांनी ओरडून सांगायचं. डिस्क हातातून सुटली की "अप!" असं ओरडायचं, की पाठमोरे असलेले सगळे वर बघतात.

आमचा एफवायचा एक पोरगा मार्करला होता, मूळचा कबड्डीवाला, कोणाशी फारसा बोलत नाही. कॅप्टनने त्याला धरलं आणि मॅच संपेपर्यंत सोडलं नाही. "आत बंद कर! हात खाली! अजून खाली! आता बाहेर!" खेळ पुढे सरकला की दोन ज्युनियर तिच्यासकट खुर्ची उचलून लाईनच्या कडेने पळायचे, खेळ मागे आला की परत मागे, पायाला बर्फाची पिशवी बांधलेली, ती एका हाताने धरलेली आणि तोंड चालूच! आमच्या बाहेरच्या पोरांपैकी एकही बसलेलं नव्हतं त्या दिवशी.

दहा-दहा झाले. अकराला मॅच. तिने "आत!" म्हणून ओरडायला आणि त्या पोराने हात खाली टाकायला एकच गाठ पडली, डिस्क हाताला लागून खाली पडली. आम्ही सगळे नाचायला लागलो तेवढ्यात त्यांचा थ्रोअर म्हणाला, "फाऊल. आधी माझ्या हाताला लागलं." आमचा पोरगा म्हणाला, "मला वाटतं डिस्क सुटल्यावर लागलं." दोघंही शांतपणे बोलत होते. बाकी सगळं ग्राउंड गप्प, कारण फाऊलबद्दल विचारल्याशिवाय बाहेरच्यांनी बोलायचं नसतं. मग त्या थ्रोअरनेच वळून आमच्या कॅप्टनला विचारलं, "तू इथेच होतीस ना, काय दिसलं?"

ती म्हणाली, "तू मधे होतास. हात दिसला नाही मला."

बस, एवढंच. "सुटल्यावर लागलं" म्हणाली असती तर त्याने मानलंही असतं, विचारलं त्यानेच होतं. दोघांचं जमलं नाही म्हणून नियमाप्रमाणे डिस्क परत थ्रोअरकडे गेली आणि दोन-तीन पासमध्ये त्यांच्या एका मुलीने लेआऊट मारून, म्हणजे अक्षरशः आडवी उडी घेऊन, मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, कॅच घेतला. अकरा-दहा, हरलो. सगळ्यात आधी टाळ्या कॅप्टनने वाजवल्या, खुर्चीवरून.

नंतर दोन्ही टीम खांद्यावर हात टाकून गोल करून उभ्या राहिल्या, याला स्पिरिट सर्कल म्हणतात. एकमेकांना वीसपैकी स्पिरिटचे मार्कसुद्धा द्यायचे असतात, नियम माहीत आहेत का, बोलणं कसं होतं, धसमुसळेपणा केला का वगैरे. तिथे त्यांचा कॅप्टन म्हणाला, "आमचा थ्रोअर तुमच्या मार्करला नाही, हिच्या आवाजाला घाबरत होता," आणि आमच्याकडून बेस्ट प्लेअर म्हणून त्यांनी तिचंच नाव घेतलं, जी एक मिनिटही आत आली नव्हती. तो कबड्डीवाला पोरगा सगळ्यात जोरात ओरडला.

आता माझ्या प्रॅक्टिसला बाहेर असलेल्या प्रत्येकाला आतला एकेक मार्कर वाटून दिलेला असतो. सावलीत बाटली घेऊन बसणं बंद. आणि घसा बसलेला चालतो, पण "अप" म्हणायला उशीर झालेला चालत नाही.