शेजारच्या लेनवर स्ट्राइकवर स्ट्राइक पडत असतील तर

छत्रपती संभाजीनगरच्या एका मॉलमध्ये मी बोलिंगच्या काउंटरवर असतो. लांब पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, बॉल घरंगळत सोडायचा आणि समोरच्या दहा पिना पाडायच्या, असा हा खेळ; पहिल्याच बॉलला सगळ्या पडल्या की स्ट्राइक. बूट देणं, लेन चालू करून देणं, पिना अडकल्या की मागे जाऊन सोडवणं, ही माझी कामं. आमच्याकडे येणारे बहुतेक जण वाढदिवसाला येतात, नाहीतर घरी पाव्हणे आलेत म्हणून. हसतात, ओरडतात, मजा करतात, यावंच त्यांनी. पण त्याच गर्दीत कधीतरी एखादा मन लावून खेळणारा असतो. त्याच्या शेजारी कसं वागायचं, हे कुणी कुणाला सांगितलेलंच नसतं.

साधी रीत अशी, की डाव्या-उजव्या लेनवर कुणी बॉल घेऊन उभा असेल तर आपण मागेच थांबायचं. दोघं एकदमच पुढे आले तर उजवीकडचा आधी टाकतो. समोरच्या पिना ६० फुटांवर असतात, नजर तिथं लावलेली असते, आणि नेमकं तेव्हाच डोळ्याच्या कोपऱ्यात कुणाचा हात हलला की पाऊल चुकतं.

आता परफेक्ट गेम. १० फ्रेम, म्हणजे १० पाळ्या, शेवटच्या पाळीत स्ट्राइकला आणखी दोन बॉल, म्हणून लागोपाठ १२ स्ट्राइक, ३०० गुण. स्ट्राइकच्या १० मध्ये पुढच्या दोन बॉलचे गुण मिळतात, म्हणून एका फ्रेमला ३० होतात. एक पिन उभी राहिली की ३०० गेले, आणि त्या गेममध्ये ते परत येत नाहीत. २०१० मध्ये टेक्सासमधल्या प्लेनो इथं बिल फाँग या खेळाडूनं तीन गेममध्ये सलग ३५ स्ट्राइक टाकले. ३६व्या बॉलला एक पिन राहिली आणि ९०० च्या जागी ८९९ झाले. एवढ्याशा फरकाचा हा खेळ आहे.

आमच्याकडे शेंद्र्याच्या एका कंपनीतले साहेब येतात, स्वतःचा बॉल पिशवीत घेऊन. एका रविवारी त्यांच्या पडद्यावर आठ फ्रेम सगळे स्ट्राइक. शेजारच्या लेनवर कॉलेजची पोरं. मी जाऊन हळूच म्हणालो, जरा थांबा. एक जण म्हणाला, "थांबवायलात कशाला? आमचे पैसे गेले की!" पैसे गेमवर घेतो, वेळेवर नाही, हे सांगितल्यावर पोरं समजली. बघायला मागे उभी राहिली.

तेवढ्यात मला बॉल टाकायच्या जागेवर कोल्ड्रिंकचे दोन थेंब दिसले. ही गोष्ट फार महत्त्वाची. बोलिंगच्या बुटाचा तळ शेवटच्या पावलाला घसरावा लागतो. ओल्या जागेवर पाय पडला की तळ चिकटतो, माणूस तोंडावर आपटतो, गुडघा जातो. मी कोरडा टॉवेल घेऊन पुसलं, साहेब बसलेले असतानाच. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, ग्लास मागच्या टेबलावरच ठेवा.

आमच्याकडं कामाला असलेल्या एका पोरानं गाणं बंद करायला हात घातला होता, मी अडवलं. एकदम शांत झालं की खेळणाऱ्याला कळतं, सगळे आपल्याकडंच बघताहेत. बाकीच्या लेन चालू द्याव्यात, फक्त दोन्ही बाजूच्या थांबवाव्यात. "आता तीनच राहिले सर" असलं काही बोलायचं नाही. काही जण म्हणतात नजर लागते. नजरेचं मला माहीत नाही, पण मोजणी डोक्यात शिरली की हात जड होतो, हे मी काउंटरवरून पाहिलंय. मोबाइल काढायचा तर मागून, फ्लॅश बंद करून.

साहेबांचा नववाही स्ट्राइक पडला. दहाव्या फ्रेमच्या पहिल्या बॉलला कोपऱ्यातली पिन हलली, पण पडली नाही. कुणी "अरेरे" केलं नाही, हे मला फार आवडलं. त्यांनी ती पिन दुसऱ्या बॉलला घेतली, शेवटचा स्ट्राइक टाकला, २७९ झाले. मग पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी त्यांना हातानं खूण केली, चला, आता तुमचा नंबर.